गोदूबाईचं रविवारचं सोवळं

आज काही झालं तरी नापास व्हायचं नाही, असं गोदूबाई खापेकरनं अंथरुणातच ठरवून टाकलं आणि कोंबडा आरवायच्या आधी ती उठून बसली. वय पन्नास. शाळेचं तोंड कधी पाहिलेलं नाही. तरी परीक्षेची धाकधूक होतीच. चूल पेटवताना दोन काड्या विझल्या. चहात साखरेऐवजी मीठ टाकायला गेली, तेव्हा मात्र तिला स्वतःचंच हसू आलं. "गोदे, डोकं ठिकाणावर ठेव वं," ती स्वतःला म्हणाली आणि मिठाचा डबा परत फळीवर ठेवला.

खुंटीवर नवं लुगडं टांगलेलं होतं. पांढरंशुभ्र, लाल किनारीचं, नऊवारी. नागपुरात पाचपावलीच्या मागे कोष्ट्यांची जी गल्ली आहे, तिथं लग्न होऊन आल्यापासून तीस वर्षं तिनं माग चालवला. तिच्या हातून किती लुगडी उतरली त्याला गणती नाही, पण त्यातलं एकही तिच्या अंगाला लागलं नव्हतं. विणणाऱ्यानं फाटकं नेसायचं, हा जणू धंद्याचा नियमच. या खेपेला तिनं तो नियम मोडला होता. स्वतः सूत आणलं, स्वतः विणलं, आणि विधवेनं लाल किनार घालावी का, हे विचारायला कुणाकडे गेली नाही. विचारणार तरी कुणाला? गल्ली तिच्याशी पाच वर्षांपासून बोलत नव्हती.

परीक्षा होती ती दृढीकरणाची, म्हणजे चर्चमध्ये पक्कं घेण्याआधीची. गोदूबाई जरीपटक्याच्या बाजारामागे भरणाऱ्या एका छोट्या लुथेरन मंडळीत जायची. चर्च कसलं, शाळेची एक खोलीच ती, रविवारी उसनी घेतलेली. छिंदवाड्याकडून रेल्वेच्या नि बांधकामाच्या कामाला आलेली पंधरा-वीस घरं, एक पेटी, एक डफ आणि एक लाकडी क्रूस, एवढाच संसार. बाप्तिस्मा झालेल्यानं तिथं आधी धडे शिकायचे, वर्षातून एकदा येणाऱ्या पाळकासमोर उत्तरं द्यायची, आणि मग प्रभुभोजनाच्या भाकरीला हात पुढे करायचा, असा रिवाज. गोदूबाईचा बाप्तिस्मा सहासष्ट साली झाला होता. आता एकाहत्तर उजाडलं, तरी ती मागच्या बाकावर, नाक पुसणाऱ्या पोरांच्या रांगेत. बाकीचे उठून पुढे जायचे, भाकर घ्यायचे, डोळे मिटून परत यायचे, आणि ती टुकूटुकू बघत बसायची. एकदा तर तिचे हात आपोआप पुढे झाले होते, ते तिनं पदराखाली लपवले.

ती या मंडळीत पोचली ती नवऱ्यापायी. कवडू चौसष्ट साली पोटाच्या दुखण्यानं रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात पडला. महिनाभर पडून होता. शेवटी शेवटी त्याचं सारं अंथरुणातच व्हायचं. तिथं देवराव नावाचा एक वॉर्डबॉय होता. नावाला बॉय, वयानं पंचावन्नचा, मिशा पांढऱ्या. तो रोज कवडूला धुवायचा, पुसायचा, कुशीवर वळवायचा, आणि वर हळू आवाजात विचारायचा, "दुखलं का गा?" गोदूबाईनं त्याच्या हातावर चार आणे ठेवले तर त्यानं ते परत केले. "मंग काहून करता जी?" तिनं विचारलं. देवराव गडबडला. "काहून म्हणजे? माणूस घाण झाला आहे, म्हणून धुऊन राहिलो." या उत्तरानं तिचं समाधान झालं नाही. कवडू गेल्यावर, दिवसपाणी आटोपल्यावर, ती त्याचा पत्ता काढत जरीपटक्याला गेली. हा माणूस असा का आहे, ते तिला शोधून काढायचं होतं. देवराव त्या मंडळीचा वडीलधारा निघाला. रविवारी तोच धडे घ्यायचा.

वॉर्डात लोण्यासारखा असलेला हा माणूस धड्याला मात्र खडूस होता. उत्तर पाठ म्हटलेलं त्याला चालायचं नाही. तीन वर्षं धडे झाल्यावर पहिल्या परीक्षेला पाळकासमोर त्यानं विचारलं, "गोदूबाई, देवानं तुमाले आपलं काहून म्हटलं?" गोदूबाईला हा प्रश्न अगदी सोपा वाटला. ती ताठ उभी राहिली आणि म्हणाली, "मी रविवारी सुताले शिवत नाही म्हणून!"

खोलीत खसखस पिकली. तिला कळेना, हसण्यासारखं काय आहे.

इथं तिची चूक सांगायला हवी, कारण ती चूक कोष्ट्याच्या घरातल्या बाईलाच सुचली असती. तिच्या लहानपणापासून देवाचं म्हणजे सोवळं. अमुक दिवशी अमुक शिवायचं नाही, शिवलं की मोडलं. आता नवीन देव आला, त्याचा वार रविवार. म्हणजे रविवारचं काहीतरी सोवळं असणारच! मंडळीत कुणी सांगितलं नव्हतं, तर तिनं स्वतःच ठरवलं. विणकराला सगळ्यांत जवळचं काय? सूत. मग रविवारी सूत वर्ज्य. शनिवारी संध्याकाळी ती मागावर चादर टाकायची, सुताच्या कांड्या टोपलीखाली झाकायची, आणि रविवारी वाटेत सुताचा धागा पडलेला दिसला तरी पाय उचलून पलीकडे टाकायची. असं कडक पाळलं की देव खूश, अशी तिची पक्की समजूत.

दुसऱ्या वर्षी तोच प्रश्न. आता ती तयारीनं आली होती. सुताचं सांगितलं, शुक्रवारच्या उपासाचं सांगितलं, पानतंबाखू सोडल्याचं सांगितलं, आणि शेवटी सगळ्यांत मोठी गोष्ट काढली. "बाप्तिस्मा झाल्यावरच्या पहिल्याच रविवारी माही रुखमा मले पांजणीले बोलवाले आली होती जी. लहानपणची नाही, पन एका सालात लग्न होऊन आलो आमी दोघी. बहिणीवानी. तरी मी गेली नाही. म्हटलं, आज रविवार, मले सूत चालत नाही."

देवरावानं पांढऱ्या मिशांवरून हात फिरवला. मग त्यानं विचारलं, "मंग रुखमाबाईचं काय झालं?"

"काय होईन? आली तशी गेली. तवापासून बोलत नाही."

"बसा," देवराव म्हणाला. गोदूबाई नापास झाली होती.

पांजणी म्हणजे काय, ते माग न पाहिलेल्यांसाठी सांगतो. विणायच्या आधी ताणा, म्हणजे लांबीचे सगळे धागे, गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून बांधतात आणि त्याला पेजेची खळ लावतात. दोन माणसं ताण्याच्या दोन अंगांना समोरासमोर उभी राहतात, मोठे कुंचे घेऊन एका लयीत चालत चालत धागे विंचरतात. तिसरं माणूस खळ शिंपडतं, तुटलेला धागा जोडतं. खळ ओली असेतो कुंचा थांबला, तर धागे एकमेकांना चिकटतात आणि सगळा ताणा दोरखंड होऊन बसतो. फेकून द्यायचा. म्हणून पांजणीला माणसं लागतात, आणि म्हणून गल्लीत सावड असते. आज मी तुझ्या ताण्याला, उद्या तू माझ्या. सावडीला बोलावणं आलं आणि "मले चालत नाही" म्हटलं, तर ऐकणाऱ्याला एकच ऐकू येतं, की तुझं सूत विटाळाचं. बाप्तिस्म्यावरून चाललेली गल्लीची कुजबूज न जुमानता रुखमाबाई त्या रविवारी स्वतः बोलवायला आली होती. बिचारी तोंडात मारल्यासारखी परत गेली. त्यानंतर गोदूबाईच्या पांजणीला गल्लीतलं कुणी आलं नाही. ती बाहेरून मजूर आणून भागवायची.

नापास झाल्यावर पुढच्या आठवड्यात गोदूबाई तणतणत दवाखान्याच्या अंगणात देवरावाला गाठायला गेली. तो चादरी वाळत घालत होता.

"मास्तर, अजून काय सोडू, ते एकदाचं सांगून टाका!"

"काईच नोका सोडू," देवराव म्हणाला. "तुमचं उत्तर लय लांब होते, बाई. खरं उत्तर एवढुसं आहे." त्यानं चादरीचा कोपरा तिच्या हातात दिला आणि दुसरा कोपरा धरून पिळू लागला. "आपले लूथरबाबा होते ना जर्मनीतले? तेही तुमच्यासारखेच. उपास करे, थंडीत निजे, एकेक पाप आठवून आठवून सांगे. तरी जीवाले चैन नाही. मंग एक दिवस उमगलं, का देवानं त्याले आधीच पोटाशी धरलं आहे. फुकट."

"फुकट?" गोदूबाईला तो शब्दच आवडला नाही. "फुकटचं काय असते जी दुनियेत? फुकटचं पचत नाही माणसाले."

"हेच तर! ते पचलं का पास." देवराव हसला. "कवडूले मी धुवत होतो, तवा तुमी विचारलं, काहून करता. देवाच्या घरचं माहं काम होऊन गेलं आहे, बाई. त्यानंच केलं. मंग हे दोन हात रिकामे राहिले. रिकाम्या हातानं दिवसभर करू काय? समोर माणूस घाण झालेला दिसला, धुतला."

गोदूबाईनं मान हलवली, पण डोक्यात काही शिरलं नव्हतं. वर्षभर ती माग चालवताना तो एवढुसा शब्द घोकत राहिली. धोटा इकडून तिकडे, फुकट. तिकडून इकडे, फुकट. पाठ तर चांगलं झालं. पण देवराव पाठांतराला फसणारा नाही, हेही तिला माहीत होतं. त्याची तिला धास्ती होती.

तर तो एप्रिलचा पहिला रविवार, झावळ्यांचा रविवार, म्हणजे ईस्टरच्या आधीचा. मंडळीतले सगळे हातात शिंदीची झावळी घेऊन गात यायचे. गोदूबाईनं नवं लुगडं नेसलं, आदल्या दिवशी तोडून आणलेली हिरवीगार झावळी घेतली आणि सात वाजता दाराला कडी घातली. तिला असं वाटत होतं, की पायाखाली जमीन नाहीच. पोरीचं लग्न असल्यासारखी ती निघाली.

गल्ली ओस होती. भाऊबंदात उमरेडला लग्न होतं, सगळे पहाटेच्या बसनं गेले होते. फक्त रुखमाबाईचं घर मागं राहिलं होतं, कारण तीन आठवड्यांवर तिच्या मुलीचं, उत्तराचं, लग्न होतं आणि सासरच्या आहेराची चार लुगडी अजून मागावर चढायची होती. आज ताणा गल्लीत ताणलेला होता. दीर भैयाजी मदतीला थांबतो म्हणाला आणि जेवणावळीच्या आठवणीनं ऐन वेळी बसमध्ये चढला. तेव्हा रुखमाबाई आणि तिचा नवरा बाबूलाल दोघे कुंचे घेऊन समोरासमोर, आणि नवरी मुलगी उत्तरा खळीचं भांडं घेऊन मागे, अशी पांजणी चालू होती.

सगळी गल्ली ताण्यानं अडवलेली. गोदूबाईला भिंतीला खेटून, त्या सुताच्या शेजारून चालत जावं लागलं. नवं लुगडं तिनं आवरून धरलं. रुखमाबाईनं वर पाहिलं नाही. गोदूबाईनंही पाहिलं नाही. पाच वर्षांची सवय, दोघींना चांगली जमत होती.

ती गल्लीच्या टोकाला, पंपाजवळ पोचली असेल नसेल, तोच मागे धप्प आवाज झाला आणि बाबूलाल "मेलो गा!" म्हणून ओरडला. ताण्याच्या कडेकडेनं जाताना त्याचा पाय नालीत गेला होता. घोटा बघता बघता सुजला. उत्तरा भांडं टाकून बापाकडे धावली. निम्म्या ताण्यावर ओली खळ, वर चैत्राचं ऊन चढत चाललेलं.

"अरे, कोनी आहे का!" रुखमाबाईनं मोकळ्या गल्लीत हाक मारली. "या ना कोनीतरी!"

गल्लीत कोणी नव्हतं. पंपाजवळ एक बाई होती, पांढऱ्या लुगड्यातली, हातात झावळी घेतलेली. रुखमाबाईला ती दिसली. आणि रुखमाबाईनं तोंड मिटून घेतलं.

ते मिटलेलं तोंड गोदूबाईला दुरूनही दिसलं. रविवारी हिला विचारण्यात अर्थ नाही, हे त्यात स्वच्छ होतं. गोदूबाई पुन्हा जरीपटक्याकडे वळली. दोन पावलं टाकली. आठला मंडळीची भक्ती सुरू होणार. पाळकसाहेब आज गेले की पुन्हा वर्षानं. पाच वर्षं वाट पाहिली आहे, आणि आज सूत शिवलं तर पाचही वर्षांचं सोवळं मोडलं, सगळं पाण्यात!

आणि तिसऱ्या पावलाला ती थबकली. पाण्यात? कसं पाण्यात? सोवळ्यासाठी देवानं आपल्याला घेतलेलंच नाही, तर सोवळं मोडल्यावर तो टाकणार कसा? फुकट घेतलं आहे ना! तिच्या डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला. वर्षभर धोट्याबरोबर घोकलेला तो शब्द आत्ता कुठं तिच्या पोटात उतरला. देवाला सांभाळायला म्हणून गेली पाच वर्षं तिनं हे दोन हात बांधून ठेवले होते, आणि देवानं तर कधी बांधा म्हटलंच नव्हतं. "अगं बाई!" ती भररस्त्यात मोठ्यानं म्हणाली. "माहे हात तर मोकळे आहेत!"

मग ती पळत सुटली. पन्नास वर्षांची बाई, नऊवारी गुडघ्यापर्यंत ओढून, झावळी नाचवत, उलट दिशेनं. झावळी तिनं उत्तराच्या हातात कोंबली. "हे घे, बापाले दे वारा घ्याले, आनं लगेच भांडं उचल!" बाबूलालचा कुंचा उचलला, पदर कमरेला खोचला आणि ताण्याच्या दुसऱ्या अंगाला रुखमाबाईसमोर उभी राहिली.

रुखमाबाई बघतच राहिली. "आज रविवार आहे वं," ती म्हणाली. पाच वर्षांतलं पहिलं वाक्य.

"माहीत आहे. मार कुंचा!"

"तुले चालत नाही ना?"

"चालते! सारं चालते! मंग सांगते तुले, आधी मार, वाळून राहिलं!"

आणि कुंचे चालू झाले. पहिल्या फेरीत दोघींची लय जमेना. दुसऱ्या फेरीत जमली. तीस वर्षांपूर्वी नव्या नवऱ्या असताना याच गल्लीत या दोघींनी शेकडो ताणे विंचरले होते; हातांना ते आठवत होतं. एक पाऊल, एक झटका, एक पाऊल, एक झटका. उत्तरा मागून खळ शिंपडत होती, तुटलेला धागा थुंकी लावून जोडत होती. बाबूलाल नालीच्या काठावर सुजलेला पाय पसरून बसला होता आणि झावळीनं वारा घेत हुकूम सोडत होता, "डावीकडे! तिकडे गुठळी झाली, दिसत नाही का?" दोघींनी एकदमच त्याला गप्प बस म्हटलं. मग दोघी एकमेकींकडे पाहून हसल्या, आणि गोदूबाईच्या डोळ्यांतून पाणीच आलं.

चौथ्या फेरीला तिनं चालता चालता सांगून टाकलं. "त्या दिवशी तुहं सूत मी विटाळाचं म्हटलं नव्हतं वं, रुखमे. मले वाटे, देव रागवीन. माह्याच जीवाचं भेव होतं मले. चुकलं माहं."

रुखमाबाईनं दोन पावलं कुंचा मारला. मग म्हणाली, "इतके साल लागले तुले?"

"मठ्ठ आहे मी. दोनदा नापास झाली!"

साडेनऊला ताणा वाळून खणखणीत झाला. धागा न् धागा सुटा. रुखमाबाईनं त्यावरून हात फिरवला आणि मग तिचं लक्ष गोदूबाईकडे गेलं. कोपरापर्यंत हात खळीनं माखलेले, गालावर खळ, आणि ते नवं लुगडं! छातीपासून घोट्यापर्यंत चिकट पांढऱ्या पट्ट्या, लाल किनार तर ओळखू येईना. "बाप्पा! तू कुठी चालली होती वं, एवढी नटून?"

गोदूबाईनं तोंडावर हात मारला. "माही परीक्षा!"

पुढची वीस मिनिटं जी धांदल झाली, ती पाचपावलीनं पुन्हा पाहिली नसेल. हात धुवायलाही वेळ नव्हता. रुखमाबाईनं कोपऱ्यावरच्या सायकलरिक्षावाल्याला झोपेतून उठवलं, गोदूबाईला आत ढकललं आणि स्वतःही चढली. "तू काहून?" "तुले एकटीले पाहून हाकलतीन ते. भूत दिसून राहिली!" चढावर रिक्षा हळू झाली, तर रुखमाबाई उतरून मागून ढकलायला लागली.

शाळेच्या खोलीपाशी पोचल्या तेव्हा भक्ती संपून मंडळी पांगली होती. दारात झावळ्यांचा कचरा पडला होता. आत पाळकसाहेब पोहे खात होते, पायाशी बांधलेली पिशवी. अकराच्या गाडीनं छिंदवाड्याला परतायचं होतं. देवराव क्रूस कपाटात ठेवत होता. त्यानं वळून पाहिलं, आणि त्याचा चेहरा आधी रागाचा झाला, मग काळजीचा. "गोदूबाई! कुठी होत्या? दोनदा नाव पुकारलं तुमचं! आनं हे काय लावून आल्या?"

गोदूबाईला धाप लागली होती. बोलता येईना. पाळकसाहेबांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. "बसू द्या त्यांना. पाणी द्या." मग तिच्याकडे नीट पाहून त्यांनी विचारलं, "बाई, मी येण्याचा एकच दिवस असतो. आज कशासाठी थांबलात?"

"पांजणी होती जी. हिची." तिनं दारात उभ्या असलेल्या रुखमाबाईकडे बोट दाखवलं. "हिचा नवरा पडला. ताणा वाळून राहिला होता. पोरीच्या लग्नाचा."

देवराव दोन पावलं पुढे आला. रुखमाबाईकडे त्यानं पाहिलं, तिच्या हातावरच्या खळीकडे पाहिलं, गोदूबाईच्या हातावरच्या खळीकडे पाहिलं. "ह्याच का त्या रुखमाबाई?" त्यानं विचारलं. गोदूबाईनं मान डोलावली. देवरावाच्या मिशा थरथरल्या, पण परीक्षक तो परीक्षकच. घसा खाकरून त्यानं प्रश्न टाकला, "गोदूबाई, देवानं तुमाले आपलं काहून म्हटलं?"

"फुकट," गोदूबाई म्हणाली.

"आनं मंग आज रविवारी सुताले काहून शिवलं?"

गोदूबाई हसायला लागली. धाप लागलेलीच, त्यात हसू, शब्द धड फुटेना. "फुकट म्हणूनच तर शिवलं, मास्तर! माहं सारं त्यानं करून ठेवलं. मंग हे हात रिकामे झाले ना! समोर रुखमा होती."

देवरावानं खांद्यावरचा पंचा डोळ्यांना लावला आणि पाळकसाहेबांना म्हणाला, "साहेब, पास."

पाळकसाहेब पिशवीची गाठ सोडायलाच लागले होते. "तुमची गाडी!" देवराव म्हणाला. "ती छोट्या रुळांवरची संथ गाडी हो, सावनेरपर्यंत पळत जाऊनही गाठता येईल," पाळकसाहेब म्हणाले आणि त्यांनी प्रभुभोजनाचा प्याला बाहेर काढला. देवरावानं कपाटातला क्रूस पुन्हा टेबलावर ठेवला. गोदूबाईला गुडघ्यावर बसवून पाळकसाहेबांनी डोक्यावर हात ठेवला, प्रार्थना म्हटली, आणि भाकर मोडली. गोदूबाई एकदम मागे सरकली. "हात धुऊन येते जी. खळ आहे."

"राहू द्या," ते म्हणाले. "त्याच हातावर घ्या."

तिनं हात पुढे केले. खळ वाळून तळव्यांवर पापुद्रे धरले होते. त्यावर भाकरीचा तुकडा ठेवला गेला. पाच वर्षं ती जे दुरून बघत होती, ते आज तिच्या हातात होतं, आणि डोळे मिटून तिनं तो तुकडा तोंडात घातला.

परत येताना रुखमाबाईनं रिक्षात आधी पदरानं हातावरची खळ पुसली. मग कोपरानं ढोसून म्हणाली, "काय देलं वं त्यानं तुले?"

"भाकर."

"एवढुशी? आनं त्याच्यासाठी तू पाच साल बसली?"

"हो."

रुखमाबाईनं कपाळाला हात लावला. मग कामाचं बोलली, "हे पाय, सावड मी ठेवत नाही कोनाची. तुहा ताणा कधी आहे? मी येते फेडाले."

"नोको फेडू. फुकट होतं."

"फुकट?" रुखमाबाई फणकारली. कोष्ट्याच्या बाईला असं म्हणणं म्हणजे जवळजवळ शिवी. "माह्याकडून फुकटचं घेतल्या जात नाही!"

"मले बी घेता येत नव्हतं वं," गोदूबाई म्हणाली. "लय साल लागले."

यानंतर गोदूबाई चौदा वर्षं जगली. गल्लीतले माग एकेक करून बंद पडत गेले. ते लुगडं ती दर झावळ्यांच्या रविवारी नेसायची. किनारीवरचा एक डाग कधी निघाला नाही, आणि तिनं तो काढायचा फारसा प्रयत्नही केला नाही. रविवारी कुणाची पांजणी निघाली तर ती करायची, नाही तर भक्तीला पुढच्या बाकावर बसायची. सोवळं गेलं ते गेलंच.

पण सांगायचा राहिलाय तो परीक्षेच्याच आठवड्यातला बुधवार. गोदूबाईचा स्वतःचा ताणा होता. मजुराला सांगून ठेवलं होतं, आणि तो काही आला नव्हता. सूर्य वर येत होता. ती एकटीच गल्लीत ताणा बांधत, मजुराच्या सात पिढ्यांना नावं ठेवत होती. तेवढ्यात मागून पावलं वाजली. रुखमाबाई कुंचा खांद्यावर टाकून येत होती. तिच्यामागे भांडं घेऊन उत्तरा. त्यांच्यामागे भैयाजी, जेवणावळीहून परतलेला, खाली मान घालून. आणि पार मागे, काठी टेकत, लंगडत, हुकूम सोडायला बाबूलाल.

"अवं, तुले म्हटलं ना फेडू नोको म्हणून!" गोदूबाई ओरडली.

"फेडाले कोण आलं आहे?" रुखमाबाई ताण्याच्या पलीकडच्या अंगाला जाऊन उभी राहिली आणि तिनं पदर खोचला. "फुकट आलो आमी. घे कुंचा!"